सायबिणीचा मुक्काम

दुल्सिनबायनं सायबिणीची मूर्ती अडवून धरली त्यात माझाही हात होता, असं आमच्या वाड्यावर अजून म्हणतात. म्हणोत. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार! पण घडलं ते मी सांगतो, कारण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथं होतो आणि बोलणाऱ्यांतले निम्मे नव्हते.

मी गोकुळदास. तुये गावातलं आमच्या वाड्याचं पोस्ट माझ्या घराच्या ओसरीवर चालायचं. एक टेबल, एक कपाट, एक लाल पेटी आणि मी, एवढाच सरकारचा पसारा. वाडा म्हणजे आमच्याकडे वस्ती; बावीस घरं, त्यांतली अकरा क्रिस्तांवांची. दुल्सिनबायचं घर माझ्या कुंपणाला लागून. नवरा बोटीवर कामाला होता, तो तिकडेच वारला. एकुलता एक मुलगा मिंगेल, तो पाद्री झाला आणि त्याच्या संघानं त्याला आफ्रिकेत पाठवला. "पूत देवाक दिलो गो तुवें," असं कुणी कौतुकानं म्हटलं की ती फणकारायची, "हांवें खंय दिलो? तोच गेलो."

गेला तो थेट लायबेरियात, मन्रोव्हिया नावाच्या शहरात. मी शाळेच्या नकाशात शोधलं तेव्हा देश सापडला करंगळीच्या नखाएवढा, आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला.

मिंगेल चिठ्ठ्या मराठीत लिहायचा. गावच्या मराठी शाळेत शिकलेला, आणि आईला अक्षरओळख नाही, वाचणार मी, हे त्याला ठाऊक. राजभाषेवरून सगळा गोवा भांडत होता तेव्हा मी मराठीवाला, दंडाला काळी फीत लावून मोर्च्यात जाणारा, आणि दुल्सिनबाय कोंकणीसाठी पदर खोचून उभी. आम्ही तीन महिने एकमेकांशी बोललो नाही. पण चिठ्ठी आली की ती ओसरीच्या पायरीवर येऊन बसायची, मी वाचायचो, ती ऐकायची, आणि उठून पुन्हा अबोला. "पाद्री कुठल्या भाषेत लिहितो बघा," असं एकदा मी टोचलं होतं. ती म्हणाली, "तुज्या खातीर बरयता तो. भिकेक घालता तुका."  हिच्यापुढे माझं काही चाललं नाही.

चिठ्ठ्या मात्र गोड असायच्या. खाडीच्या काठाला पत्र्याच्या छपरांची वस्ती, तिथं एक छोटं चर्च, चार वर्गांची शाळा आणि गोळ्या-मलमांचं एक कपाट. 'मी इथं शिकवायला आलो,' त्यानं लिहिलं होतं, 'पण पहिलं वर्ष मलाच शिकण्यात गेलं. पाणी कुठल्या नळाला येतं, मयत झालेल्या घरी किती दिवस जाऊन बसायचं, सूपमधली मिरची रडू न येता कशी गिळायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसतात तशाच इथल्या बायका मिरच्यांचे वाटे लावून बसतात. मा केबे नावाची एक म्हातारी मासे भाजून विकते. चर्चमध्ये पाऊल टाकत नाही, तुझा देव भलतंच लांबलचक बोलतो म्हणते. पण रोज संध्याकाळी मला भात आणि मासा आणून देते आणि मी जेवेपर्यंत समोर बसते.'

हे ऐकून दुल्सिनबाय पुढं सरकली. "तिका बरय, ताका कांटे काडून दी म्हणून. सात वर्सांचो आसतना कांटो गळ्यांत रिगलो आनी मरतां मरतां वाचलो." मी ते लिहिलं. पुढच्या चिठ्ठीत उत्तर आलं: 'मा केबे आता काटे काढून देते. एवढा मोठा झालास तरी, म्हणून हसते.' त्या दिवसापासून दुल्सिनबाय मा केबेविषयी बोलायची ती अशी, की जणू ती बाजारवाड्यावरच राहते.

नव्वद साल उजाडलं आणि त्या देशात लढाई पेटली. जूनपासून चिठ्ठ्या बंद झाल्या. रेडिओवर मधूनच त्या शहराचं नाव यायचं: अन्न नाही, पाणी नाही, माणसं पाला खाऊन राहतात. मी ऐकायचो आणि तिला निम्मंच सांगायचो. मग ऑगस्टात कुवेत पडलं, आणि लायबेरियाचं नाव घेणारं कुणी उरलंच नाही. गोव्यात कुवेतला माणूस नाही असं गाव सापडणं कठीण. आमच्या वाड्यावर पियेदादचा आग्नेल तिथं ड्रायव्हर होता. पियेदाद म्हणजे दुल्सिनबायच्या पलीकडच्या घरातली, लहानपणापासूनची मैत्रीण.

ऑगस्टच्या अखेरीस मी दुल्सिनबायला घेऊन पणजीला गेलो. एका सरकारी कचेरीत टेबल मांडलं होतं, कुवेतमधल्या लोकांची नावं लिहून घ्यायला. दोन तास रांगेत उभं राहून आमची पाळी आली. कारकुनानं विचारलं, "कुवेतमध्ये कुठं?" मी म्हटलं, "कुवेत नव्हे, लायबेरिया." त्यानं वर बघितलं. "त्याची यादी नाही." "मग करा," मी म्हटलं. "एकाच माणसाची यादी?" तो म्हणाला, वाईट बोलत नव्हता, खरंच विचारत होता. माझं डोकं भडकलं, मी टेबलावर हात आपटला, शिपाई धावत आला. दुल्सिनबायनंच मला हाताला धरून बाहेर आणलं. फेरीबोटीत ती एवढंच बोलली: "कुवेताक विमानां वतात. माज्या पुताक कोण वतलो?" कुवेतला विमानं जातात, तिच्या पोरासाठी जाणारं कुणी नाही, हे खरंच होतं.

सप्टेंबरात मोंतीचं फेस्त, म्हणजे मातेच्या जन्माचा सण, झालं आणि कपेलातून, वाड्यावरच्या छोट्या चर्चमधून, सायबीण निघाली. आमच्याकडची ही रीत सांगायला हवी. हातभर उंचीची मातेची मूर्ती, काचेच्या पेटीत. ती एकेका क्रिस्तांव घरी एक दिवस राहायला जाते. त्या दिवशी त्या घरी लादीन, म्हणजे मातेची प्रार्थना, म्हणतात, उकडलेले चणे वाटतात, पुरुषांना घोटभर फेणी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन, गात गात तिला शेजारच्या घरी पोचवायची. आलेल्या सायबिणीला एका दिवसाहून जास्त ठेवायचं नाही आणि पुढच्या घरानं तिला नाही म्हणायचं नाही, हा नेम. आम्हा हिंदूंच्या घरी ती येत नसली तरी माझी बायको देवकी दरवर्षी तिला अबोलीची वेणी देते. दुल्सिनबायचं घर सातवं, पियेदादचं आठवं.

सातव्या दिवशी सायबीण दुल्सिनबायकडे आली. लादीन झाली, चणे झाले. आठव्या दिवशी, कारखान्याचा पाचाचा भोंगा झाल्यावर, कायतान सगळ्यांना घेऊन न्यायला आला. हा आमच्या वाड्यावर लादीन म्हणणारा म्हातारा, आवाज खणखणीत. दारापुढं उभं राहून त्यानं गाणं सुरू केलं. दार उघडलं नाही. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. मेणबत्त्या वितळून हातावर यायला लागल्या तेव्हा आतून दाराला आडणा घातल्याचा आवाज आला.

"हांव दिवची ना," दुल्सिनबाय आतून म्हणाली. "माजो पूत येता मेरेन सायबीण हांगाच रावतली."

कायताननं समजावलं, मग दटावलं. पियेदाद खिडकीशी गेली. ती रडत होती. "दुल्सिन, माजो आग्नेल कुवेतांत आसा गो. म्हाकाय जाय ती."

"तुका विमान आसा," आतून आवाज आला. "म्हाका कितें आसा?"

  मला मध्यस्थ म्हणून बोलावलं होतं, सरकारी माणूस आणि परक्या धर्माचा म्हणून. मी नुसता उभा राहिलो. हाच माझा पहिला गुन्हा.

दोन दिवसांनी चर्चचे मुख्य पाद्री, विगार, आले. दार बंदच. त्यांनी पाप, नेम, शेजारधर्म सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाद्री विगार, तुमीच सांगलां न्हय, ती आवय म्हणून? मागीर आवय आवयक सोडून कशी वतली?" विगार तरुण होते. कपाळाचा घाम पुसत परत गेले.

तीन आठवडे असे गेले. पुढची चार घरं खोळंबली. वाड्यानं तिच्याशी बोलणं टाकलं, पाववाला पोदेरसुद्धा तिच्या दाराशी हॉर्न वाजवीना. ती सायबिणीपुढं बसून असायची. दिवा विझू द्यायचा नाही एवढंच तिला कळत होतं. देवकी खिडकीतून पेज द्यायची आणि मी दिव्याला तेल. हा माझा दुसरा गुन्हा, आणि तो मी कबूल करतो. देवकी म्हणाली, "तुम्ही तिला चुकीच्या गोष्टीत साथ देताय." मी म्हटलं, "चुकीची असेल. पण तिच्याकडे दुसरी कुठली आहे?" खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं, की धरून ठेवलं तर काही होईल. मी देवदेव करणारा माणूस नाही. पण रोज सकाळी टपालाची पिशवी उलटी केली की मी आधी परदेशी तिकिटंच शोधायचो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वाड्यावर फटाके वाजले. आग्नेल आला होता. विमानानं मुंबई, तिथून बसनं म्हापसा, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी घरी. सायबीण पियेदादच्या उंबऱ्यालाही लागली नव्हती आणि पोरगा सुखरूप आला होता. पियेदाद पोराला पुढं घालून कुंपणाशी आली आणि तिथंच थांबली. आपल्या आनंदाची तिला लाज वाटत होती, ते मला दिसत होतं. खिडकीतून दुल्सिनबायनं आग्नेलकडे कितीतरी वेळ बघितलं. "बरें जालें," ती म्हणाली. "वाळलो रे तूं. जेवन घे." आणि खिडकी लावून घेतली. थोड्या वेळानं आतून जो आवाज आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. माणूस तसा रडत नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी पिशवीतून चिठ्ठी निघाली. शिक्का फ्रीटाऊनचा, म्हणजे शेजारच्या देशाचा, पण अक्षर मिंगेलचं. मी अनवाणीच धावलो. माझा आवाज ऐकून तिनं एका महिन्यात पहिल्यांदा दार उघडलं. चिठ्ठीवर तारीख होती जुलैच्या शेवटाची. मी वाचत गेलो.

'आई, ही चिठ्ठी बोटीनं जाणाऱ्या एकाच्या हाती देतो आहे. परदेशी माणसांना न्यायला बोट आली आहे. संघाचा हुकूम आहे की निघा. बरोबरचे दोघे पाद्री गेले. मीही जाणार होतो. खोटं का लिहू, मला यायचं होतं. पिशवी भरून झाली होती आणि मला आपल्या घराचा वास येत होता.

'चर्चमध्ये दोनशे माणसं येऊन राहिली आहेत, जास्त करून बायका आणि पोरं. बाहेर बंदूकवाले फिरतात. पाद्री आत आहे तोवर ते आत येत नाहीत असं या लोकांना वाटतं. खरं आहे का, देव जाणे. सकाळी मी निघायला उठलो तर माझ्या वहाणा नव्हत्या. मा केबेनं लपवल्या होत्या. मी तिच्यावर ओरडलो, आई. त्या म्हातारीला मी वाटेल तसं बोललो. ती म्हणाली, माझ्याकडे बंदूक नाही, बोट नाही, तुझ्या वहाणाच काय त्या हाती लागल्या.

'मग मला त्या सापडल्या, वेदीच्या मागं. मी पायात घातल्या, दारापर्यंत गेलो. दार कुणी अडवलं नाही. सगळे नुसते बघत होते. मी परत फिरलो आणि वहाणा काढून मा केबेच्या हातात दिल्या. ठेव तुझ्याकडे, म्हटलं. तिच्यावर रागावू नकोस. जिवावर बेतलं की माणूस हाताला लागेल ते धरून ठेवतो.'

पुढं नेहमीसारखे आशीर्वाद मागितले होते. मी वाचून संपवलं आणि माझी मान वर होईना. समोर काचेच्या पेटीत सायबीण, आणि तिच्यापुढं मी घातलेल्या तेलाचा दिवा.

दुल्सिनबायनं विचारलं, "व्हाणो ताका मेळ्ळ्यो?"

"मेळ्ळ्यो बाये."

"पांयांत घाल्ल्यो?"

"घाल्ल्यो."

"म्हणजे ताका कोणें धरूंक ना," ती म्हणाली. "तोच रावलो."

ती उठली. चेहरा धुतला, डोकीला ओढणी घेतली आणि सायबिणीची पेटी दोन्ही हातांनी उचलली. दुपारचे बारा वाजले होते. ना मेणबत्ती, ना गाणं, कायतान शेतावर. मी म्हटलं, "संध्याकाळी सगळे आले की..." तिनं ऐकलं नाही. आडणा मीच पुरता बाजूला केला. ती अनवाणी पियेदादच्या अंगणात गेली. पियेदाद भांडी घासत होती. राखेचे हात तसेच घेऊन उभी राहिली.

"आतां म्हाका गरज ना गो," पियेदाद म्हणाली. "आग्नेल आयलो. तूंच दवर तिका."

"ना," दुल्सिनबाय म्हणाली. "म्हाका धरूंक येना. घे. म्हाका भोगस."

पियेदादनं तिला माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. तिनं राखेचे हात धुतले, पेटी घेतली आणि दारातून आत नेली. त्या संध्याकाळी पियेदादच्या घरी लादीन झाली. दुल्सिनबाय भिंतीला टेकून बसली होती. उत्तराचे शब्द सगळ्यांबरोबर म्हणत होती, आवाज मात्र नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या पायरीवर आली. "चिठी बरय." मी विचारलं, मिंगेलला? "ताका न्हय. म्हातारेक."

मा केबेला लिहायचं म्हणजे इंग्रजीत. ती सांगत गेली, मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत उतरवत गेलो. 'तू माझ्या मुलाच्या वहाणा लपवल्यास, मी तुझ्यावर रागावलेली नाही. मीही तसंच केलं. आता तो तुझ्याकडे आहे. तो भुकेला असला तरी सांगत नाही, विचारावं लागतं. पावसात त्याची छाती भरते, तेव्हा पाठीला तेल चोळ. काटे काढून दे. मी त्याला सोडलाय. तू सोडू नकोस.'

त्या देशाचं टपाल घेऊ नये असं परिपत्रक माझ्याच कपाटावर डकवलेलं होतं. मी तिकिटं लावली, शिक्का मारला, पिशवीत टाकलं. तीस वर्षांच्या नोकरीत केलेला हा माझा एकच गैरप्रकार. ते पाकीट जानेवारीत परत आलं. ते कपाटाच्या खालच्या खणात आहे, तिला मी सांगितलेलं नाही.

पण त्याआधीच डिसेंबर आला. नाताळला आठ दिवस होते. वाड्यावर पोरं मातीचे डोंगर करून गोठा मांडत होती. एक जीप वाटेवरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, थांबली. दोन पाद्री उतरले, पांढऱ्या झग्यातले, अनोळखी. त्यांना बघताच पियेदाद धावत आली आणि दुल्सिनबायच्या शेजारी बसली. तिनं तिचा हात घट्ट धरला, इतका की नखं रुतली असतील.

थोरल्या पाद्रीनं सांगितलं. एकोणीस ऑगस्टला बंदूकवाले चर्चवर आले. मिंगेल दारात उभा राहून त्यांच्याशी बोलत राहिला. तेवढ्या वेळात मागच्या बाजूनं, खाडीच्या चिखलातून, बायका-पोरं निघाली. सगळी नाही, बरीच. मग तो पडला.

एकोणीस ऑगस्ट. मी मनात तारखा जुळवल्या. आम्ही पणजीत रांगेत उभे होतो तेव्हा तो गेलेला होता. सायबीण कपेलातून निघाली तेव्हा गेलेला होता. आडणा, दिवा, तेल, महिनाभराचा तो हट्ट, सगळा वाडा अंगावर घेऊन ती ज्याला धरून बसली होती, तो केव्हाच मातीत गेलेला होता. मी मोठ्यानं शिवी दिली, पाद्र्यांच्या देखत. कुणाला दिली ते मलाही सांगता येणार नाही.

दुल्सिनबाय रडली नाही. तिनं विचारलं, "म्हातारी?"

"जिवंत आहे," धाकटा पाद्री म्हणाला. "बारा दिवस चालत ती सरहद्दीपलीकडच्या छावणीत पोचली. आमच्या माणसांना शोधत आली आणि हे दिलं. त्याच्या आईकडे पोचवा, म्हणाली."

त्यानं पिशवीतून जुन्या फुलाफुलांच्या कापडाचं गाठोडं काढलं. आत वहाणा होत्या. चामड्याच्या, टाच झिजलेल्या, डाव्या पायाचा पट्टा सुतळीनं शिवलेला. आपल्या म्हापशाच्या बाजारातल्याच. तो परदेशी निघाला तेव्हा मीच त्याच्याबरोबर जाऊन घेतल्या होत्या.

दुल्सिनबायनं त्या मांडीवर घेतल्या. हातानं धूळ झाडली. मग उठली, पियेदादचा हात सोडवला आणि आत गेली. बराच वेळ झाला, ती येईना. पाद्री एकमेकांकडे बघायला लागले, म्हणून मी आत डोकावलो.

ती भाताच्या कणगीमागं वाकली होती. वहाणा भिंतीच्या कोपऱ्यात अगदी आत सारून, वरून गोणपाट घालत होती. मी आल्याचं तिला कळलं. हात न थांबवता ती म्हणाली,

"आतां वता खंय तो, पळोवया."